घरच्याला पत्रिका

मला कुणी दुकानं किती म्हणून विचारलं, की मी नऊ सांगतो. खरी साडेआठ आहेत. सिडकोतलं एक जिन्याखाली आहे. तिथे जरा उंच गिऱ्हाईक आलं की त्याला कमरेत वाकूनच शर्ट निवडावा लागतो. पण साडेआठ म्हटलं की लोक कारण विचारत बसतात, म्हणून नऊ.

टी-शर्ट, चेक्सचे शर्ट, जीन्स, ट्रॅक पँट असल्या रोजच्या वापरातल्या कपड्यांची ही दुकानं. लग्नकार्यात घालावं असं माझ्याकडे काही मिळत नाही. माझंही लग्न झालेलं नाही, पण त्याचा दुकानाशी काही संबंध नाही. ते आपलं राहून गेलं.

कॉलेज रोडच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. दुपारी एकला मी तिथे डबा उघडतो. खालच्या मजल्यावर कामाची माणसं गोल करून जेवायला बसतात आणि त्यांचं हसणं जिन्यातून वर येतं. एकदा मी माझा डबा घेऊन खाली गेलो. सगळे उठून उभे राहिले. एकाच्या तोंडातला घास तिथेच थांबला. मी म्हटलं, "बसा, बसा, जेवा." ते बसले, पण त्यानंतर तिथे जे झालं त्याला जेवण म्हणता येणार नाही. शोकसभेत दोन मिनिटं उभे राहतात ना, तसं. फक्त समोर वांग्याची भाजी होती. मी अर्धी पोळी कशीबशी संपवून निघालो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचलो असेन, मागे हसणं पुन्हा सुरू झालं.

आधी मी असा एकटा कधी जेवलो नव्हतो. कारण एक पार्टनर होता. निफाडजवळच्या एका गावातला, घरची थोडी द्राक्षबाग असलेला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि अकलेने किती मोठा ते पुढे कळेलच. त्याचं घर हेच माझं घर होतं. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, ती मला भावजी म्हणायची, आणि त्यांची मुलगी बोलायला शिकली तेव्हा माझ्या टकलावर थापटी मारून "काका" म्हणायला शिकली. ते घर माझ्याच मूर्खपणाने सुटलं. गेली सहा वर्षं मी एकाच खटपटीत आहे: त्या घरात मला पुन्हा घरचा व्हायचंय. दहावं दुकान नाही झालं तरी चालेल. फार तर साडेआठाचे आठ होऊ देत.

सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही दोघं नाशिकच्या मेनरोडवर एका रेडिमेडच्या दुकानात सेल्समन होतो. तिथेच मला एक एजंट भेटला. परदेशी पाठवायला शिवलेले पण न गेलेले शर्ट, गठ्ठेच्या गठ्ठे, वजनावर विकायचे आहेत म्हणाला. गठ्ठा उघडून बघता येणार नाही, ही त्याची एकमेव अट. आता ज्याला थोडीफार अक्कल आहे तो माणूस इथेच चहा पिऊन उठतो. मी म्हटलं, "उघडायचं कशाला? परदेशी माल आहे." चार गठ्ठे घेतले, दोघांची जमापुंजी लावून. त्याला न विचारता लावली, हेही सांगून टाकतो.

गठ्ठे त्याच्या घरी, पडवीत उघडले. पहिला शर्ट मी अंगात घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत. खांद्याची शिवण कोपरावर. दुसरा काढला, तोही तसाच. चारही गठ्ठ्यांत एकाच मापाचे शर्ट, कुठल्या तरी देशातल्या एखाद्या राक्षसकुळासाठी शिवलेले. मी तो अंगात तसाच ठेवून उभा राहिलो, कारण काढला तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

पार्टनर हसायला लागला. भिंत धरून हसला, खाली बसून हसला. मग म्हणाला, "एक काम कर. बाहीत दोन्ही पाय घाल आन् झोप. पांघरुनाचा खर्च वाचंल."

आम्ही ते शर्ट भद्रकालीच्या फूटपाथवर मांडले. एक पहिलवान आला, घालून बघितला आणि आरशात स्वतःलाच ओळखेना. पंधरा दिवसांत तीन गेले. त्यातले दोन एका बाईने पडद्यासाठी नेले.

अक्कल चालवली ती पार्टनरने. त्यांच्याकडे बागेत कामाला पेठ-सुरगाण्याकडून बायका येतात. उन्हापासून, फवारणीच्या औषधापासून, तारांच्या ओरखड्यांपासून अंग वाचावं म्हणून त्या लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तुम्हीही रस्त्याने जाताना पाहिलं असेल. पण आयुष्यभर पाहूनही, त्या बायकांना स्वतःचा असा नवा शर्ट हवा असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या आलं. आम्ही गठ्ठे निफाडच्या आठवडे बाजारात नेले.

पहिली बाई आली. तिने शर्ट लुगड्यावर चढवला, बाह्या मनगटापर्यंत दुमडल्या, बटणं लावली आणि काही न बोलता दोन्ही हात सरळ वर केले, अगदी ताठ. मी घाबरून मागे सरलो. मला वाटलं, काही अंगात आलं.

"ती बघती हाय," पार्टनर माझ्या कानात म्हणाला. "द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम असतंय. काखेत धरलं का बाह्या फाटत्यात."

शर्ट कुठेच धरला नाही. बाईने मागे वळून हाक मारली, आणि अर्ध्या तासात आमच्या पालासमोर पंधरा-वीस बायका हात वर करून उभ्या. बाजारातले लोक थांबून बघायला लागले. कोथिंबीरवाल्याने विचारलं, "कंचा मोर्चा हाय?" संध्याकाळपर्यंत एक गठ्ठा संपला. पुढच्या बाजारात बाकीचे तीन.

तिथून आमचं दुकान. शर्ट आम्ही स्वतः शिवून घ्यायला लागलो, पण कुठलाही कपडा हात वर करून बघितल्याशिवाय विकायचा नाही, हा नियम पार्टनरने घातला आणि तोच आमचा धंदा झाला. निफाडनंतर ओझर. तिथे विमानाच्या कारखान्यातली माणसं सुटीच्या दिवशी घालायला सैल शर्ट शोधत यायची. दिवसभर विमानाखाली हात वर करून काम करणाऱ्यांना तो नियम समजवावा लागला नाही. मग देवळाली कॅम्प. तिथे दुकान उघडलं त्या दिवशी एक जवान टी-शर्ट घालून आरशासमोर उभा होता आणि मी सवयीने म्हटलं, "हात वर करा." त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझेच वर गेले. पार्टनर कपड्यांच्या घडीमागे तोंड लपवून हसत होता.

कामं वाटून घेतलेली नव्हती, तरी वाटली गेली होती. मी घोटाळे करायचे आणि त्याने निस्तरायचे. मी कॅम्पातल्या दुकानासाठी स्वेटर मे महिन्यात मागवले. मी ओझरच्या दुकानाचं शटर मोजमापात एक फूट कमी सांगितलं, तर खालून वर्षभर कुत्री आत यायची. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "तुझ्यासारखं गाढव माज्या बापानं बी पाळलं नव्हतं," आणि मग घरी नेऊन जेवायला घालायचा. वहिनी विचारायची, "आज काय केलं भावजींनी?" त्याच्या तोंडून ते ऐकत मी भाकरी खायचो. ती भाकरी वाढताना वहिनीने मला कधी "घ्या" म्हटलं नाही. ताटात पडायची.

आता मुख्य घोटाळा.

नाशिक शहरात दोन-तीन दुकानं झाल्यावर मला कॉलेज रोडवर काचेचं दुकान हवंसं वाटलं. पार्टनर म्हणाला, "काच पुसायला दोन मानसं लागतील." पण अडवलं नाही. उद्घाटनासाठी मी एक कंपनी लावली, समारंभ करून देणारी. त्यांची एक मुलगी माझ्यासमोर पाहुण्यांची यादी घेऊन बसली होती. मी फोनवर दिव्यांच्या माणसाशी भांडत होतो. ती यादीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, यांनाही पाठवायची का पत्रिका?" मी न बघता म्हटलं, "अहो सगळ्यांना पाठवा, सगळ्यांना!"

बोट पार्टनरच्या नावावर होतं.

त्याच्या घरी जाड कागदाची, सोनेरी कडेची पत्रिका गेली, कुरिअरने. 'आपली सहकुटुंब उपस्थिती प्रार्थनीय आहे.' दुकान अर्धं त्याचं. यजमान तो. दारात उभं राहून लोकांना "या, या" म्हणायचं ते त्याने. आणि त्यालाच पत्रिका, की बाबा, आमच्याकडे कार्यक्रम आहे, तुम्हीही या.

आमच्याकडे पत्रिका चुकून राहिली म्हणून भांडणं होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्याला पत्रिका गेली तर काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. भांडण होत नाही.

एरवी उद्घाटन असलं की तो सकाळी सहाला आंब्याची पानं घेऊन हजर असायचा. त्या दिवशी सहाला नाही, सातला नाही. मला वाटलं, बागेत काही काम निघालं असेल. पत्रिकेवर अकराची वेळ होती. बरोबर अकराला गाडीतून उतरला. पांढरे कडक कपडे, सोबत वहिनी आणि मुलगी. तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. मी धावत गेलो, "अरे, इथे काय बसलास? चल, नारळ फोडायचाय."

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "आम्ही बसलो आहोत निवांत."

मी ऐकलं आणि, माझ्या अकलेची कमाल बघा, मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलोसुद्धा. मग त्याने नाष्ट्याची प्लेट घेतली, दुकान सगळं फिरून पाहिलं, निघताना माझ्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "छान झालं आहे दुकान, शेठ. शुभेच्छा." त्याला माझ्याशी इतकं शुद्ध बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पाकीट हातात आलं तेव्हा मला कळलं. तोवर गाडी सुरू झाली होती.

त्यानंतर त्याने वाटणी मागितली आणि एका बैठकीत, चहा न घेता उरकली. दुकानं मला ठेवली. स्वतः परत बाजारात पाल टाकायला लागला, बायकांचे शर्ट घेऊन.

मी माफी मागायला गेलो नाही असं नाही. गेलो, पण माझ्या पद्धतीने. दिवाळीला सुक्या मेव्याचा मोठा डबा पाठवला. चार दिवसांत त्याच्याकडून त्याहून मोठा डबा आला. मी डोकं धरून बसलो, कारण डबे पाहुण्यांना पाठवतात. पुढच्या वर्षी मी ठरवलं की त्याचा जाहीर मान करायचा. सगळ्या दुकानांतली माणसं जमवली, त्याला बोलावलं, 'संस्थापक' म्हणून भाषण ठोकलं आणि शाल-श्रीफळ दिलं. तो शाल पांघरून दोन मिनिटं उभा राहिला, आभार मानले, गेला. जिन्यात वहिनी मागे थांबली आणि म्हणाली, "भावजी, शाल रिटायर झालेल्याला देतात हो."

मग मी थांबलो. प्रत्येक प्रयत्नाने तो अजून थोडा पाहुणा होत होता.

या वर्षी, बागांचा माल निघून गेल्यावर, निफाडच्या दुकानाचा मॅनेजर रजा मागायला आला. म्हणाला, पार्टनरच्या मुलीचं लग्न आहे. मी विचारलं, "पत्रिका आली?" म्हणाला, "कधीच आली साहेब." ओझरवाल्याला विचारलं, त्यालाही आली होती. देवळालीच्या दुकानाच्या वॉचमनला आली होती. माझे दात बघणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावरही ती पडलेली दिसली. तोंड उघडं होतं म्हणून विचारता आलं नाही.

मला आली नव्हती.

आता याचे अर्थ दोनच. एक, मला कायमचं काढून टाकलं. दोन, मी घरचा आहे, आणि घरच्याला पत्रिका देत नसतात. मधलं काही नाही. दोन्हींत फरक केवढा, आणि कळायला मार्ग काहीच नाही! फोन करून विचारावं तर काय विचारणार? 'मला बोलावलं नाहीस ते प्रेमाने की रागाने?' आठ दिवस मी हेच चघळत होतो. शेवटी माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विचारलं.

मावशी पोळ्या लाटत होत्या. "दुसऱ्यांना आली आन् तुम्हाला नाय?"

"नाही."

"मंग नाय बोलवलं."

"पण घरच्याला कुणी पत्रिका देतं का मावशी?"

"तुम्ही त्यांच्या घरचे हाय?"

"तेच तर कळत नाहीये."

मावशींनी पोळी उलटली. "मंग जा ना बगायला. हितं माज्या पोळ्या मोजत काय बसलाय?"

गेलो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मी पहाटे निघालो आणि उजाडता उजाडता त्यांच्या दारात पोचलो, कारण घरचा माणूस असाच पोचतो. अंगात जुना टी-शर्ट, चांगले कपडे पिशवीत. मांडव घरासमोरच्या मोकळ्या जागेत घातला होता. पार्टनर बाहेर पाण्याच्या टँकरवाल्याशी बोलत होता. मला बघून जरा थांबला, मग हात जोडले.

"या शेठ. वेळेवर आलात."

साडेबाराच्या लग्नाला सहा वाजता! मी मोठ्याने हसलो. जुनी खोच परत आली असं वाटलं. काढून टाकलेल्या माणसाला कुणी 'या' म्हणतं का? मी पिशवी पडवीत फेकली आणि कामाला लागलो.

काय काय केलं विचारू नका. खुर्च्या लावल्या. पाण्याचे जार उचलले, त्यातला एक माझ्याच पायावर ठेवला. अक्षतांच्या पुड्या वाटल्या. नवरदेवाकडच्या गाड्या शेतात लावून देताना एक गाडी पाटात घातली. सहा जणांनी मिळून काढली. बस्ता कुठल्या दुकानात बांधला ते तेवढं विचारायची हिंमत झाली नाही. पार्टनरचा एक चुलतभाऊ सारखा माझ्यामागे यायचा, "शेठ, बसा की तुम्ही, असं काय करता?" मी म्हणायचो, "बसायला वेळ कुणाला आहे?" पुढच्या रांगेत एक सोफा होता, त्यावर 'राखीव' असा कागद चिकटवलेला. नवरदेवाच्या आजीला उभं बघून मी तो कागद फाडला आणि तिला तिथे बसवलं. चुलतभाऊ आ वासून बघत राहिला. मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून मानाच्या पाहुण्यांची नावं पुकारत होते, टॉवेल-टोपीसाठी. माझंही नाव आलं, 'नाशिकचे प्रसिद्ध उद्योजक' असं लावून, दोनदा. मी तेव्हा आचाऱ्याजवळ काकड्या चिरत होतो. मनात म्हटलं, या माइकवाल्याकडे जुनी यादी दिसते. गेलोच नाही.

मुलीने बोहल्यावरून मला बघितलं. हळदीने पिवळा झालेला हात जरासा वर केला. मी हातातली काकडी हलवली.

पंगती उठत गेल्या. घरचे सगळ्यात शेवटी बसतात, म्हणून मीही शेवटीच बसलो, दुपारी चार वाजता, भुकेने कावराबावरा होऊन. आणि पार्टनर स्वतः जिलेबीचं ताट घेऊन माझ्यासमोर वाकला.

"घ्या."

घेतली.

"अजून एक घ्या शेठ. आमच्यासाठी."

चार वेळा आग्रह केला. मी चारही वेळा घेतली. वर्षानुवर्षं ज्या घरात मला कुणी 'घ्या' म्हटलं नाही, तिथे हे चाललं होतं, आणि मी खुशाल खात होतो. घरी परतताना गाडीत एकटाच गाणं म्हणत होतो, आणि माझा आवाज कसा आहे हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेलो. बाहेरच्या टेबलावर बसणारी मुलगी म्हणाली, "सर, काल लग्नाला गेला होतात ना? म्हणजे पत्रिका बघितली होतीत तुम्ही? मला वाटलं खणातच आहे."

"कुठल्या खणात?"

तिने खालचा खण उघडला. आता याचंही कारण मीच. मागे केव्हातरी, लग्नसराईत, रोज 'सहकुटुंब सहपरिवार' वाचून मी वैतागलो होतो. माझं कुटुंब म्हणजे मी आणि पाण्याचा फिल्टर. मी तिला सांगितलं होतं की लग्नाच्या पत्रिका माझ्यापर्यंत आणायच्या नाहीत. ती शहाणी मुलगी, सांगितलेलं ऐकते. खणात पत्रिकांची थप्पी होती. तिने मधून एक उपसली.

पाकिटावर पत्ता पार्टनरच्या हातचा. त्याचं अक्षर मी कोट्यवधी लेबलांवर बघितलंय. आधी श्रीयुत, मग माझं पूर्ण नाव, मग दुकानाचं नाव, मग 'सहकुटुंब सहपरिवार'. कोपऱ्यात हळदी-कुंकवाची बोटं. महिनाभर आधी आलेली. सगळ्यांच्या आधी मला पाठवली असणार.

मी आत जाऊन दार लावून घेतलं. राखीव सोफा माझा होता. माइकवरची हाक मला होती. तो चुलतभाऊ दिवसभर मला जागेवर बसवायला धडपडत होता आणि मी त्याला हुलकावण्या देत मांडवभर पळत होतो. बोलावलेला पाहुणा घरच्यासारखा मिरवत होता आणि सगळं घर ते बघत होतं. कुणी थांबवलं नाही, कारण पाहुण्याला कोण काय बोलणार? जिलेबी चार वेळा वाढली, तीही त्यामुळेच. मी स्वतःचं हसं किती वेळा केलंय त्याची गणती नाही, पण ते नेहमी चारचौघांत केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच खोलीत एकटा बसून झालं, आणि कुणी हसलं नाही.

डबा आला. उघडला नाही. एक वाजला, खालून हसणं वर आलं, आणि मी गाडीची किल्ली घेऊन निघालो.

निघालो तेव्हा काही ठरवलं होतं असं नाही. रस्त्यात ओझर मागे पडल्यावर एवढंच लक्षात आलं, की लग्नाच्या दुसऱ्या दिवसासाठी कुणी कुणाला पत्रिका पाठवत नाही.

मांडवाखाली शुकशुकाट होता. खुर्च्या एकावर एक चढवून ठेवल्या होत्या. पत्रावळींच्या ढिगाशी दोन कुत्री. पार्टनर बनियनवर, एकटाच, खाली अंथरलेल्या लांबलचक सतरंज्या गुंडाळत होता. एका माणसाला ती घडी जमत नाही. एक टोक धरलं की दुसरं निसटायचं. तो परत जाऊन ते आणायचा. मी बराच वेळ गाडीपाशी उभा राहून ते बघत होतो.

त्याने मला बघितलं. "काही राहिलं का काल?"

"नाही," मी म्हटलं. "पत्रिका आज मिळाली. खणात होती."

तो सतरंजी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली: काकड्या, आजी, पाटातली गाडी.

"म्हंजे काल तू..."

"मला वाटलं, पत्रिका नाही म्हणजे..."

तो हसला नाही. मी त्याला ओळखतो, हसू दाबताना त्याची डावी भिवई हलते. ती हलली नाही. त्याने नुसतं सतरंजीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. मी गेलो, टोक उचललं. आम्ही झटकली. कालच्या अक्षतांचे दाणे उडाले. टोकाला टोक मिळवायला समोरासमोर चालत आलो, त्याने माझ्या हातातलं टोक घेतलं, मी वाकून घडीचा मधला भाग उचलला, आणि परत मागे.

वहिनी दारात आली. डोळे सुजलेले. मला बघून पदर सारखा केला आणि आत वळत म्हणाली, "भावजी आलेत. चहा टाकते."

"ऱ्हाऊ दे त्याचा चहा," पार्टनर म्हणाला. "सात सतरंज्या हायेत अजून."

वहिनी तिथेच थांबली. मग आत गेली, आणि चहा आला नाही. दोन तास आला नाही. पाणीसुद्धा मी स्वतः जाऊन रांजणातून घेतलं, आणि पेला कुठे असतो ते मला आठवत होतं.

शेवटच्या सतरंजीवर तो बसला. मीही बसलो. समोर त्याचं घर, दाराला कालचं तोरण, ओसरीत मुलीची एक चप्पल उलटी पडलेली.

"घर लय मोठं लागतंय रे," तो म्हणाला.

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. मोठ्या घराबद्दल मी पहाटेपर्यंत बोलू शकतो, मला फक्त ऐकणारा लागतो. पण त्याला तेव्हा ऐकायचं नव्हतं. ऊन मांडवाच्या कापडातून लाल होऊन खाली येत होतं, कुत्री पत्रावळींवरून भांडत होती, आणि तो माझ्या शेजारी बसून, तोंड दुसरीकडे करून, बराच वेळ नाक ओढत होता.